फायलींचा फेरफार

महाडच्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ‘नवीन’ नावाचं एक फोल्डर होतं. त्याच्या पोटात ‘नवीन २’, त्याच्या पोटात ‘नवीन २ फायनल’, आणि अगदी तळाशी ‘हेच घ्यायचे’. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, लग्नाचे फोटो काढतो. मुंज, बारसं, ग्रामदैवत वीरेश्वराचा छबिना, चवदार तळ्यावरची वीस मार्चची गर्दी, पावसाळ्यातला रायगड असं वीस वर्षांचं सगळं त्या फोल्डरांत होतं. कुठलं कुठे आहे हे फक्त दादाला ठाऊक होतं, आणि त्यालाही अंदाजानेच.

२१ जुलै २०२१ च्या रात्री पाणी चढायला लागलं. महाबळेश्वरला धुवाधार पाऊस चालू होता, बावीस-तेवीसच्या चोवीस तासांत तर ५९४ मिलिमीटर, आणि तिथे पडणाऱ्या पाण्याचा एक वाटा सावित्री महाडच्या दारात आणून टाकते. गांधारी आणि काळ तिच्या जोडीला होत्याच. बावीस तारखेला गावातले तळमजले पाण्याखाली होते. त्याच दिवशी तळीयेवर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही डोंगर उतरला. अशा वेळी ‘आमचा कॉम्प्युटर बुडाला’ म्हणायला जीभ रेटत नाही. दादाने तो चिखलातून काढला, पडवीत पालथा घातला आणि महिनाभर त्याच्याकडे पाहिलं नाही.

साध्या हार्ड डिस्कच्या डबीला हवेचा दाब सांभाळायला एक बारीक भोक असतं. एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण पुराचं गढूळ पाणी तिथूनच आत शिरतं. मेमरी कार्डांना तसलं भोक नसतं. आमची कार्डं गोड्या पाण्याने धुऊन वाळवली तर त्यातली बरीच चालली. डिस्क मात्र पुण्याला पाठवावी लागली. तिथल्या माणसांनी ती साफ करून वाचता आली तेवढ्या भागाची जशीच्या तशी नक्कल काढून दिली. त्या नकलेवर दादाने ‘फोटोरेक’ चालवला. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेला हा फुकट प्रोग्राम आहे. रात्रभर चालला. सकाळी फोल्डरांची रांग उभी होती: रिकप_डिर.१, रिकप_डिर.२, रिकप_डिर.३… प्रत्येकात पाचशे फायली, आणि फायलींची नावं ‘एफ’ अक्षरापुढे सात-आठ आकडे. फोटो अकरा हजारांच्या आसपास, आणि एकाचंही नाव शिल्लक नाही.

असं का होतं, ते महाडच्या माणसाला सातबाऱ्यावरून लगेच कळतं. जमीन शिवारात असते आणि तिची नोंद तलाठ्याच्या दप्तरात. फाइलचंही तसंच. चित्र डिस्कवर एका जागी पडलेलं असतं, आणि त्याचं नाव, त्याचं फोल्डर, ते कुठून सुरू होतं याचा पत्ता, हे सगळं वेगळ्या नोंदवहीत. आमच्या डिस्कचं दप्तर वाहून गेलं होतं, शिवार बरंचसं जागेवर होतं. फोटोरेक दप्तर शोधतच नाही. तो थेट शिवारात उतरतो, जेपेग चित्राच्या सुरुवातीची ठरलेली खूण दिसली की तिथे खुंटी मारतो, आणि सापडल्या जागेचा क्रमांक हेच नाव म्हणून देतो. त्यामुळे लग्नाच्या फोटोंबरोबर इंटरनेटवरची फुलं, बँकेच्या पानावरचे शिक्के आणि कुठल्याशा जाहिरातीतली आंबाबर्फीही त्याने इमानाने उकरून काढली होती.

फाइलचं नाव बदलणं म्हणजे फक्त फेरफार. त्याच डिस्कवर दहा हजार फोटोंची नावं बघता बघता बदलतात, कारण जमीन कुणी उचलत नाही, वहीतली ओळ तेवढी बदलते. विंडोजमध्ये सगळ्या फायली निवडून एफ-टू दाबा, एक नाव लिहा, की ‘लग्न (१)’, ‘लग्न (२)’ अशी माळ तयार. बहुतेकांचं शिक्षण इथेच थांबतं. दादाचंही थांबलं होतं.

खरं दुखणं कॅमेऱ्यापासून सुरू होतं. कॅमेरे फोटोंना कशी नावं देतात याचं एक जपानी मानक १९९८ पासून आहे. पहिली चार अक्षरं कंपनीच्या मर्जीची, पुढचे चार आकडे ०००१ ते ९९९९. कॅननचा असेल तर ‘आयएमजी_’, निकॉनचा असेल तर ‘डीएससी_’. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की गाडी पुन्हा ०००१ वर. हंगामात एकेका लग्नाला हजार-बाराशे फोटो काढणाऱ्याच्या घरात वर्षभरातच दोन ‘०३४७’ जन्माला येतात. एकात पोलादपूरची नवरी, दुसऱ्यात बिरवाडीचं बारसं. दोन्ही फोल्डरं एकत्र करायला गेलं की विंडोज विचारतं, जुनी फाइल बदलू का? घाईत ‘हो’ म्हटलं की बारसं गेलं.

बरं, हा आकडा टाकून द्यावा तर तेही जमत नाही. करिझ्मा अल्बमसाठी घरची मंडळी फोटो निवडतात ती आकड्यांनीच. वहीच्या फाटक्या पानावर ‘०३४७, ०३५२, ०४११ (मामी डोळे मिटून आहे, दुसरा घ्या)’ अशी यादी येते. यादी येण्याआधी नावं बदलली की मामी अल्बमभर डोळे मिटून. म्हणून पहिला नियम असा ठरला की नवं नाव पुढे, जुना आकडा शेपटाला, आणि शेपूट कधी तोडायचं नाही.

फोटोरेकने मात्र शेपटासकट सगळं तोडलं होतं. तिथे उपयोगी पडली ती चित्राच्या पोटातली चिठ्ठी. कॅमेरा प्रत्येक फोटोत एक्झिफ नावाची नोंद लिहून ठेवतो: कुठला कॅमेरा, किती वेळ पडदा उघडा होता, आणि मुख्य म्हणजे फोटो कधी काढला. दप्तर बुडालं तरी ही चिठ्ठी चित्राबरोबर राहते. ती वाचून तीच नाव म्हणून लावणारी दोन हत्यारं दादाने हाताळली. एक इरफानव्ह्यू. व्हिएन्नात शिकलेल्या इरफान श्किल्यान या बोस्नियन माणसाने १९९६ मध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्राम. ‘बी’ दाबलं की घाऊक कामाची खिडकी उघडते. दुसरं एक्झिफटूल, कॅनडाच्या फिल हार्वी यांचं, २००३ पासून चालू. त्याला ना खिडकी ना बटणं, काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची. पण त्या ओळीत ‘-आर’ घातलं की ते फोल्डरात, फोल्डराच्या फोल्डरात, तळापर्यंत जाऊन प्रत्येक फोटोची चिठ्ठी वाचतं. त्याच सेकंदाला दोन फोटो निघाले असतील तर, ओळीत तसं सांगितलेलं असलं की, दुसऱ्याला पुढचा आकडा लावतं; नसलं तरी पहिल्याला चिरडत नाही. मला विचाराल तर इरफानव्ह्यू एका अल्बमला, एक्झिफटूल पुराला.

चिठ्ठीत तारीख विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडलेली असते, २०१६:०८:०२ अशी. विंडोजला फाइलच्या नावात ती टिंबं चालत नाहीत, आणि आपण कागदावर लिहितो तशी तिरकी रेघही नाही. म्हणून मध्ये आडवी रेघ. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, एकेरी आकड्याला आधी शून्य. दादाला हे उलटं वाटत होतं. ‘आपण काय दोन हजार सोळाच्या ऑगस्टची दोन तारीख म्हणतो का?’ पण दिवस आधी लिहिला की सगळ्या वर्षांच्या दोन तारखा एका ओळीत बसतात. वर्ष आधी असेल तर नावाप्रमाणे लावलेली रांग आपसूक काळाप्रमाणे लागते. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला तरी मोडत नाही.

२०१६-०८-०२ हीच तारीख उगाच नाही घेतली. त्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल कोसळला आणि माणसांनी भरलेली वाहनं नदीत गेली. नवा पूल ५ जून २०१७ ला खुला झाला. दादाकडे ‘सावित्री पूल’ नावाचे फोटो दोन्हींचे होते. नावात वर्ष नसतं तर जुन्या पुलाचे फोटो नव्याच्या गर्दीत बुडाले असते.

तारखेलाही मर्यादा आहे, आणि ती आमच्याकडे फार लवकर दिसते. रायगडावर राज्याभिषेक सोहळा वर्षातून दोनदा होतो, एकदा ६ जूनला आणि एकदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. कॅमेऱ्याला ६ जून कळतो, त्रयोदशी कळत नाही. छबिना महाशिवरात्रीनंतर, म्हणजे दर वर्षी वेगळ्या तारखेला. पंचांग घेऊन बसलो आणि वर्षवार तारखांचा तक्ता केला, तेव्हा कुठे ‘छबिना’ हा शब्द त्या त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंना एका फटक्यात लागला.

घड्याळाची गोष्ट त्याहून गमतीची. शेजारच्या मुलाने एका लग्नात दुबईहून आणलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढले होते. घड्याळ तिथलंच ठेवलेलं, म्हणजे आपल्या दीड तास मागे. दोघांचे फोटो वेळेप्रमाणे लावल्यावर अंतरपाट आधी दूर झाला आणि नवरदेव नंतर मांडवात आला. एक्झिफटूलला त्याच्या फोल्डरातल्या सगळ्या वेळा दीड तास पुढे कर म्हणून एका ओळीत सांगता येतं. पण ते फोटो मिसळण्याआधी. एकदा मिसळले की कुणाचा कुठला हे कॅमेऱ्याच्या नावावरून वेचत बसावं लागतं. आता दादा लग्नघरात शिरला की जोडीदाराबरोबर आधी भिंतीवरच्या एकाच घड्याळाचा फोटो काढतो. लोकांना वाटतं, मुहूर्त पाहतोय.

गावात फेरफार मंजूर होण्याआधी हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. कॉम्प्युटर नोटीस काढत नाही, आपणच मागावी लागते. एक्झिफटूलमध्ये आधी ‘टेस्टनेम’ म्हणून चालवलं तर काय काय होईल ते नुसतं लिहून दाखवतं, हात लावत नाही. दादाने एकदा घाईत ही पायरी गाळली. ‘वीर’ नावाचे फोटो आमच्या रेल्वे स्टेशनचे, म्हणून ‘वीर’ शोधून तिथे ‘वीर स्टेशन’ घालायला त्याने सांगितलं. मशीनने सांगितलं ते केलं. ग्रामदैवताच्या सगळ्या फोटोंवर ‘वीर स्टेशनेश्वर’ आलं. त्यानंतर ‘नाते’च्या जागी ‘नाते रायगड’ घालायची पाळी होती. हे रायगडाच्या वाटेवरचं गाव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं जन्मगाव. नशिबाने या वेळी आधी यादी पाहिली. नाहीतर आमचे सगळे नातेवाईक ‘नाते रायगडवाईक’ झाले असते.

मराठी नावांचे स्वतःचे खोडेही आहेत. ‘दुसऱ्या’तला तो डोळ्याच्या पापणीसारखा र कॉम्प्युटरला दोन तऱ्हांनी लिहिता येतो. काही कीबोर्ड एका तऱ्हेने लिहितात, काही दुसऱ्या. पडद्यावर तीळमात्र फरक नाही. पण मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली गुण्यागोविंदाने नांदतात आणि शोधताना एकच सापडते. शिवाय बॅकअपचा डबा लिनक्सवर चालतो. तिथे नावाला २५५ बाइटची हद्द, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्राही चिन्हात मोजतात. ‘महाड’ बारा, ‘पोलादपूर’ चोवीस. पंच्याऐंशी चिन्हांत नाव आटपायचं. पत्रिकेवरच्यासारखं ‘चि. आणि चि. सौ. कां.’ घालायला गेलं तर नवरीपर्यंत पोचताना जागा संपते.

तारखा लागल्या, प्रसंग लागले, तरी तीन हजारांवर फोटो उरले. बरेचसे व्हॉट्सॲपवरून आलेले. त्यांच्या पोटातली चिठ्ठी पाठवतानाच गळालेली असते आणि नावातली तारीख फोटोरेकने घालवलेली. काही जुन्या अल्बमांवरून फोनने काढलेले, त्यांच्या चिठ्ठीत २०१८ आणि चित्रात काकांची मुंज. इथे काकू कामाला आली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की खुर्ची ओढून बसायची.

‘हा कोण, काकू?’

‘हा नाही रे, मागची भिंत बघ. निळी आहे ना? म्हणजे पुराआधीचा.’

‘कुठल्या पुराआधीचा?’

‘दोन हजार पाचच्या. त्यानंतर पिवळी काढली. आणि ह्या पुरानंतर रंगच काढला नाही.’

भिंतीच्या रंगावरून निळे, पिवळे आणि पोपडे आलेले अशी तीन फोल्डरं झाली, आणि दादाने त्यांना वर्षांच्या जागी तीच नावं दिली. एका फोटोतल्या बाईवर काकू बराच वेळ थांबली. मग म्हणाली, हिचं नाव लिहू नकोस, नुसतं ‘शेजारीण’ लिही. का, ते सांगितलं नाही. दादाने तसंच लिहिलं.

जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन रकान्यांची यादी दादाने शेवटी कागदावर छापून घेतली. काळ्या पडद्यावरून नावं बदलली की मागे फिरायचं बटण नसतं, आणि यादी त्याच डिस्कवर ठेवली तर ती त्याच डिस्कबरोबर बुडणार. एक प्रत माझ्याकडे पुण्याला आहे. दुसरी, डिस्कसकट, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मृग लागायच्या आधी आमच्याकडे तांदळाच्या गोणी आणि गाद्या माळ्यावर चढतात, त्यांच्याबरोबर आता हा डबाही चढतो. गेल्या खेपेला मीच शिडीवर होतो. काकूने खालून डबा दिला. झाकणावर तिने पट्टी चिकटवून तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘फोटो. नवीन.’