आखूड नळी आणि गोळीचा वेग

उज्जैनचे देवास गेट हा रेल्वेस्थानकाजवळचा मोठ्या वर्दळीचा भाग. कोणत्याही वेळी पाहावे, तेथे माणसांची ये-जा असावयाचीच. अशा ठिकाणाहून वरात चालली असता एखाद्या हौशी पाहुण्याने लहानसे रिव्हॉल्वर काढून आकाशाकडे बार उडविला, तर पुष्कळांना त्यात वावगे वाटत नाही. नळी ती केवढी, तिच्यातील गोळीला जोर तो कितीसा असणार, असा एक समज रूढ आहे. या समजात थोडे सत्य आहे, आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

सत्य एवढेच की, आखूड नळीतून गोळी मंद निघते. काडतुसातील दारू पेटली की तिचा वायू होऊन तो गोळीला पुढे रेटतो. पण हा रेटा गोळी नळीत असेतोवरच. ली-एनफील्ड रायफलीची नळी सुमारे २५ इंच, आणि तिची .३०३ ची गोळी दर सेकंदास २,४४० फूट वेगाने सुटे. रिव्हॉल्वरची नळी बहुधा दोन ते सहा इंच. त्यातच काडतुसांची फिरती चकरी आणि नळी यांमध्ये कागदाएवढी फट असते व तेथून थोडा वायू निसटतो. रशियाच्या १८९५ च्या नागां रिव्हॉल्वरमध्ये चकरी पुढे सरकून ही फट बुजवी. इतर बहुतेकांनी तो खटाटोप केला नाही.

भारतात नागरिकांच्या परवान्यावर मुख्यतः .३२ चे रिव्हॉल्वर मिळते. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ साली आणलेले, अवघ्या ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ याच जातीचे. या काडतुसातील ९८ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमांहून थोडी जड गोळी चार इंची नळीतून दर सेकंदास सुमारे ७०० फूट वेगाने निघते. नळी दोन इंचांनी कमी केली, तर पन्नास ते शंभर फुटांची घट येते. जोरकस .३५७ मॅग्नम काडतुसाची घट याहून पुष्कळच मोठी, कारण त्याची बरीचशी दारू आखूड नळीबाहेर जळते. भडका मोठा दिसतो, वेग मात्र हाती लागत नाही.

हे आकडे येतात कोठून? वेळ मोजण्याची विद्या उज्जैनला नवी नाही. सवाई जयसिंहाची वेधशाळा तेथेच आहे. परंतु तीन फूट अंतर कापावयास या गोळीला सेकंदाचा दोनशेवा भागही लागत नाही. यावर बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोड सांगितली : टांगलेल्या जड लंबकात गोळी मारावयाची आणि लंबक किती मागे झुलला त्यावरून तिचा वेग काढावयाचा. हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला व १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. आता प्रकाशाचे दोन पडदे गोळी ओलांडते व यंत्र मधला काळ दाखविते. तरीही तुलना जपूनच करावी लागते. पिस्तुलाच्या नळीच्या लांबीत काडतुसाची जागा धरतात, रिव्हॉल्वरच्या लांबीत धरीत नाहीत. म्हणजे दोघांचे चार इंच सारखे नव्हेत. अर्धवट भरलेल्या काडतुसात दारू पुढे सरकली की मागे, एवढ्यानेही वेग बदलतो. म्हणून एका बाराचा आकडा प्रमाण मानीत नाहीत. दहा बारांची सरासरी घेतात.

आता ती घट किती दिलासा देते ते पाहावे. ७०० फूट वेगाच्या .३२ गोळीत, एक किलोचे वजन पन्नास फुटांवरून पडावे, एवढी शक्ती असते. वेग ६०० वर आला, तरी ते वजन छत्तीस फुटांवरून पडावे इतकी उरतेच. अशी गोळी तिरपी वर उडाली, तर अर्ध्या मैलाहून दूर जाऊन पडते. देवास गेटवरून निघालेली रेल्वेस्थानक सहज ओलांडील. सुमारे २०० फुटांचा वेगही माणसाची त्वचा भेदावयास पुरतो.

शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा हौसेच्या बाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. गोळी दोन इंची नळीतून सुटली की सहा इंची, हा भेद त्यात केलेला नाही.