पिन म्हणजे सही

लोणावळ्यात विजा कडाडू लागल्या की टीव्हीचा प्लग काढायचा, ही आपली जुनी सवय. आता त्याबरोबर राउटरचाही काढावा. एरवी इंटरनेट रेंगाळलं, तर राउटर अर्धा मिनिट बंद करून पुन्हा चालू करावा. पुष्कळदा तक्रार तिथेच मिटते.

पैशांचं मात्र तसं नाही. आमच्या शेजारच्या वहिनी पावसाळ्यात पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देतात. एकदा फोन आला, ‘‘ताई, ॲडव्हान्स पाठवतोय. कोड स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील.’’ वहिनींनी पिन टाकला. जमा होणं राहिलं बाजूला, खात्यातले सहा हजार गेले!

माझी सारी नोकरी बँकेत गेली. दुसऱ्याच्या खात्यात पैसे भरायची स्लिप कुणीही भरून देई; खातेदाराची सही लागे ती पैसे काढताना. २०१६ साली यूपीआय आलं आणि बँकेची खिडकी आपल्या खिशात आली, पण नियम तोच राहिला. पिन म्हणजे तुमची सही. पैसे यायचे असतील, तर सही कशाला हवी?

वहिनी लाजेपोटी आठ दिवस गप्प राहिल्या, अगदी मुलालाही बोलल्या नाहीत. त्याच वेळी १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला असता, तर कदाचित पैसे वाटेतच अडवता आले असते. आठ दिवसांनी फार उशीर झाला होता.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आज एवढंच सांगा : पिन टाकताना घाई करू नका, आणि फसलात तर सांगायला उशीर करू नका. आणि मुलांनो, त्यांनी सांगितलं तर रागावू नका.