तबकड्यांच्या गावात फोन वायफायवरून (लेखांक ६)

मागच्या लेखात व्होल्टीई, म्हणजे ४जीच्या डेटावरून जाणारं बोलणं, पाहिलं. तोच आवाज टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून पाठवला की झालं वायफाय कॉलिंग. नंबर तोच, डायलर तोच, समोरच्याला कुठलंही ॲप लागत नाही; फोन इंटरनेटमधून थेट आपल्या कंपनीपर्यंत कुलूपबंद वाट काढतो आणि बोलणं त्या वाटेने जातं. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली, ती घरात रेंज न मिळणाऱ्यांसाठी. खोडदमध्ये, म्हणजे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या गावात, मात्र तिचं मोल रेंजपेक्षा मोठं आहे, असं माझं म्हणणं आहे.

जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत, बाकीच्या तीन दिशांना पसरल्या आहेत. त्या जे ऐकतात त्यात महत्त्वाचा असतो हायड्रोजन. त्याचा मूळ सूर १४२० मेगाहर्ट्‌झचा, पण दूरच्या दीर्घिकांकडून येता येता तो ताणला जाऊन खाली उतरतो. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन इथे मोजला गेला, त्यावरचा निबंध २०२० मध्ये आला. तो सूर पोचतो साधारण ७०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास. आता मोबाइलचा ७०० चा पट्टा पाहा: हँडसेट ७०३ ते ७४८ वर बोलतो, टॉवर ७५८ ते ८०३ वर. ८५० च्या पट्ट्यात हँडसेट ८२४ ते ८४४ वर. दुर्बिणीचा एक मुख्य कान नेमका ५५० ते ८५० चा आहे! वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झवर चालतं, म्हणजे तिच्या ऐकण्याच्या पार वर. त्यात भिंतीआड रेंज पडली की फोन बहुधा या खालच्याच पट्ट्यांवर येतो, कारण त्या लहरी भिंतीतून बऱ्या शिरतात. आणि तिथे तो जोर लावून, २०० मिलिवॅटपर्यंत, ओरडतो. घरातला कॉल वायफायवर गेला की हे ओरडणं थांबतं.

टॉवर तर रात्रंदिवस चालूच, मग एका घराने काय होणार? खरं आहे. पण टॉवर जागचा हलत नाही, त्याचा गोंगाट ओळखून गाळता येतो. हँडसेट आज ओट्यावर, उद्या मळ्यात. कधी बोलेल, किती जोरात, याचा नेम नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वायफाय कॉल चालू असतानाही फोन टॉवरशी अधूनमधून हजेरी लावतोच. त्यावर उपाय फ्लाइट मोडचा. तो लावून वायफाय पुन्हा चालू केलं की अनेक फोनांत कॉल तरीही लागतात. राउटरही निर्दोष नाही, हे मान्य. त्याचा स्वस्त ॲडॉप्टर खालच्या पट्ट्यांत खरखर सोडतो (विजेच्या खांबावरची सैल जोडणी त्याहून वाईट, ती तर दुर्बिणीची जुनी डोकेदुखी). म्हणून वायफाय कॉलिंग म्हणजे शांतता नव्हे, गोंगाट दुसऱ्या खोलीत नेणं आहे. दुर्बिणीला तेवढंही पुरेसं उपयोगी पडतं. दुर्बिणीच्या आवारात मोबाइल बंद ठेवण्याच्या नियमातून मात्र यामुळे सूट मिळत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि फोन मुकाट टॉवरवर परततो. फ्लाइट मोड लावलेला असेल तर तेही होत नाही, म्हणून राउटर इन्व्हर्टरला जोडूनच फ्लाइट मोड लावा.