सळईच्या टोकाला बोटाची जाण

पेरू घेताना तुम्ही तो बोटाने दाबून पाहता. कच्चा की पिकलेला, हे लगेच कळते. आता तोच पेरू हातभर लांब सळईने दाबा. अंदाज थोडा चुकेल. मग ती सळई रबरी बुचाच्या घट्ट भोकातून ढकलत पेरूला टेकवा. आता बुचाचे घर्षण किती आणि पेरूचा विरोध किती, हे हाताला उमगत नाही.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची अडचण हीच आहे. १९८५ साली जर्मनीत एरिक म्युहे यांनी या पद्धतीने पित्ताशय काढले. पोट मोठे चिरावे लागत नाही, रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. पण सर्जनचे बोट बाहेरच राहते. टाका जास्त ओढला जातो आहे का? मऊ यकृतात कठीण गाठ दडली आहे का? डोळ्यांना पडद्यावर चित्र दिसते. स्पर्श मात्र हरवतो.

यावर उपाय म्हणजे अवजाराच्या टोकाजवळच बल मोजणे. मुठीजवळ मोजले, तर भोकाचे घर्षणही त्यात मिसळेल.

मोजायचे कसे? धातूची तार ताणली की ती लांब व बारीक होते, म्हणून तिचा विद्युतरोध वाढतो. हे विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५६ साली दाखवले. लांबी हजारात एक भाग वाढली, तर रोध हजारात सुमारे दोन भाग वाढतो. अशी नागमोडी तार चिकटवलेली पट्टी अवजाराच्या दांड्यावर बसवतात. दांडा किंचित वाकला की रोध बदलतो. हा सूक्ष्म बदल तुमच्या ओळखीचा व्हीटस्टन सेतू टिपतो.

मात्र उष्णतेनेही रोध बदलतो. म्हणून सेतूत दुसरी, ताण न पडणारी पट्टी जोडतात. दोन्हींवर उष्णतेचा परिणाम सारखाच होतो आणि तो वजा होतो. शिवाय जंतुनाशासाठी १२१ अंश सेल्सिअसची वाफ सोसायची, आणि जागा जेमतेम काही मिलिमीटर!

यंत्रमानवी शस्त्रक्रियेत तर सर्जन रुग्णापासून दूर बसतो. अशा ‘दा विंची’ यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. बल जाणून ते सर्जनच्या हातापर्यंत पोहोचवणारी अवजारे त्याच्या पाचव्या आवृत्तीत, २०२४ साली आली.

तरीही ही जाण ओढ आणि दाब एवढीच आहे. तुमचे बोट खरखरीतपणा, ओलावा, ऊब, निसटणे हे सारे एकाच वेळी सांगते. पुढच्या वेळी पेरू दाबाल, तेव्हा हे आठवा.