औंढ्याच्या वेधशाळेचं विरजण

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या भुजा, निर्वात नळ्या, टांगलेले आरसे यांवर पुष्कळ लिहून आलं. ते आरसे जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मराठवाड्यात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी नेमकं तेच जाणून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

औंढ्याचं यंत्र अमेरिकेतल्या लायगोच्या धर्तीचं आहे. तिथे अभियंते नियंत्रणाचा आराखडा पडद्यावर चौकोन आणि बाण जोडून काढतात. त्यातून सी भाषेतला कोड आपोआप तयार होतो आणि जीसीसी हा कंपायलर त्याचं लिनक्सच्या कर्नलमध्ये बसणारं मॉड्यूल करतो. यातली बरीच मॉड्यूल्स सेकंदाला १६,३८४ फेऱ्या मारतात. दर फेरीत संवेदकांचे आकडे वाचून दुरुस्ती पाठवायची आणि त्यासाठी हाती असतात जेमतेम ६१ मायक्रोसेकंद. कर्नल मात्र सोवळ्यातला. दुसऱ्या आवृत्तीसाठी बांधलेलं मॉड्यूल दिलं, की ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून परत पाठवतो.

त्यामुळे आवृत्त्यांचा मेळ सांभाळावा लागतो. लायगोने वापरलेल्या डेबियनसारख्या लिनक्स प्रणालीत कंपायलर एकटा येत नाही. असेम्ब्लर, लिंकर, सी लायब्ररी, हेडर फाइली असा सगळा लवाजमा वेगवेगळ्या पॅकेजांतून येतो आणि कुणाला कुणाची कोणती आवृत्ती लागते, याची नोंद प्रत्येक पॅकेजात असते.

हा कंपायलर बांधायलाही कंपायलरच लागतो. दह्याला विरजण लागतं तसा. जीसीसी तीन खेपांत बांधतात. जुन्या कंपायलरने नवा, त्या नव्याने पुन्हा तोच, आणि त्यानेही आणखी एकदा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या ऑब्जेक्ट फाइली ताडून बघतात. फरक निघाला तर काम तिथेच थांबतं. जुन्या विरजणाचा आंबूसपणा नव्या दह्यात उतरला नाही ना, हे पाहण्याची इतकी सुंदर रीत मला दुसरी माहीत नाही.

मोजमापांचं विश्लेषण ही पुढची पायरी. त्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा आहे. विश्लेषणाचे प्रोग्रॅम अनेक देशांतल्या, निरनिराळ्या वयाच्या संगणकांवर चालवावे लागतात. जुन्या ग्लिबसी लायब्ररीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या प्रणालीवर चालतो, उलट मात्र सहसा जमत नाही. म्हणून असे प्रोग्रॅम जिथून मिळतात त्या कॉन्डा-फोर्ज या संग्रहातली पॅकेजं कितीतरी वर्षं जुन्या ग्लिबसीवरच बांधली जात होती, तीही त्या-त्या वेळच्या नव्याकोऱ्या जीसीसीने.