ट्युनिशियाची सहल आखताना

सुट्टीची आखणी बाबांनी या वेळी माझ्यावर सोपवली. मी नकाशा घेऊन बसलो. ट्युनिसहून दक्षिणेला स्फॅक्सपर्यंत रेल्वे जाते. वाटेत एल जेमचे भव्य रोमन अँफिथिएटर लागते. ट्युनिशियन दिनार देशात आणता किंवा बाहेर नेता येत नाहीत, म्हणून पैसे तिथे पोहोचल्यावरच बदलायचे. उन्हाळ्यात फिरणे सकाळीच उरकायचे.

समुद्रकिनाऱ्याचा एक दिवस मात्र मी कापला. स्फॅक्सच्या युद्ध दफनभूमीत राजपुताना रायफल्सचे कंपनी हवालदार मेजर छेलू राम चिरविश्रांती घेत आहेत. एप्रिल १९४३ मध्ये प्राणघातक जखमा होऊनही ते जवानांना धीर देत लढले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

धाकटी बहीण रुसली होती. हे ऐकून म्हणाली, "दादा, मग आधी स्फॅक्सलाच जाऊ."