व्हॅम्पायरच्या प्रेमकथा आणि माझं फसलेलं गृहीतक

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, पण "मला जे वाचायला आवडतं त्यावर पीएचडी होते का?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात असतो. होते. फक्त आवडीचा विषय घेतला की एक ठरावीक चूक होते. मी ती पुरेपूर केली, म्हणून आज तिच्याबद्दलच लिहिते.

माझा विषय म्हणजे मोबाईलवर भागाभागांनी येणाऱ्या मराठी प्रेमकथा, आणि त्यातही ज्यांचा नायक माणूस नसतो अशा. कधी व्हॅम्पायर, कधी राक्षसकुळातला शापित राजपुत्र. नायिका साधी, बहुतेक वेळा नोकरीच्या शोधात. तो तीनशे वर्षांचा, दिसायला तिशीचा. 'प्रतिलिपी' २०१४ मध्ये बेंगळुरूत सुरू झालं आणि त्यानंतर असल्या मालिका मराठीत लिहिणं आणि वाचणं फार सोपं झालं. प्रकाशक नको, पुस्तकाचं दुकान नको. पेठ वडगावहून विद्यापीठाला जाताना एस.टी.त मी स्वतः या कथा वाचायचे, शेजारच्या सीटवरच्या माणसाला दिसू नये म्हणून फोन जरा तिरका धरून.

पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी गृहीतक लिहिलं ते असं: या कथांमधला नायक हिंस्र असतो, नायिका त्याच्या हिंसेला प्रेम समजते, त्यामुळे वाचणाऱ्या स्त्रियांच्या मनात पुरुषी वर्चस्व पक्कं होत जातं. वाचायला जोरदार वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पुरावा म्हणून हल्ला, धमकी, ओढून नेणं, रक्त पिणं असे प्रसंग कथांतून काढून मी तक्ता केला होता.

सरांनी तक्ता नीट पाहिला आणि विचारलं, "किती जणींशी बोललीस?"

"सर, मालिका पूर्ण वाचल्यात."

"त्या तू वाचल्यास. त्या बायकांनी काय वाचलं?"

मला प्रश्न कळलाच नाही. कथा तर तीच आहे, मग त्यांनी वेगळं काय वाचलं असणार?

इथे जॅनिस रॅडवेचं 'रीडिंग द रोमान्स' हे १९८४ चं पुस्तक तुम्हाला माहीत असायला हवं. विषय कुठलाही असो, पद्धतीसाठी वाचाच. अमेरिकेत प्रेमकथांची स्वस्त पुस्तकं प्रचंड खपत होती आणि समीक्षक ती वाचून 'बायकांना हे का आवडतं' ते परस्पर सांगून टाकत होते. रॅडवे एका गावातल्या पुस्तकाच्या दुकानात गेली. तिथे काम करणाऱ्या एका बाईच्या सल्ल्याने पुस्तकं घेणाऱ्या चाळीसेक वाचक तिला मिळाल्या. प्रश्नावल्या भरून घेतल्या, गटात बोलली, एकेकीशी बोलली. आणि लक्षात आलं की 'वाचण्याबद्दल' विचारलं तर बायका कथेबद्दल बोलतच नाहीत आधी. त्या बोलतात वाचायला बसण्याबद्दल. पुस्तक हातात असलं की नवरा, मुलं थोडा वेळ हाक मारत नाहीत. दिवसभर सगळ्यांचं करायचं, तेवढा वेळ आपला. नायकाबद्दल विचारलं तर क्रूर नायकाची पुस्तकं त्यांना नकोच होती. त्यांना हवा होता बुद्धिमान, हळवा, नायिकेची काळजी घेणारा पुरुष.

म्हणजे कथेचा अर्थ आणि वाचण्याच्या कृतीचा अर्थ, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कथेत सापडेल. दुसऱ्याचं कथेत शोधून सापडणार नाही. मी पहिल्या प्रश्नाचा तक्ता करून दुसऱ्याचं उत्तर लिहून मोकळी झाले होते. आपल्याकडच्या उदाहरणासाठी राधिका परमेश्वरन यांचं काम बघा. १९९० च्या दशकात त्यांनी हैदराबादमधल्या मिल्स अँड बून वाचणाऱ्या तरुणींशी बोलून अभ्यास केला. तिथे तर पुस्तक इंग्रजीत आहे, यालाच एक वेगळा अर्थ होता. नुसती कथा वाचून तो कळला नसता.

तर मी आत्तीला विचारायला गेले. आत्ती पूर्वी गावातल्या वाचनालयातून नारायण धारप आणायला पोरांना पिटाळायची. आता तिच्या फोनवर व्हॅम्पायरची मालिका होती, शंभरावर भागांची. मी विचारलं, "आत्ती, यातली मारामारी, रक्तबिक्त वाचताना तुला काय वाटतं?"

"मी ते वाचतच न्हाई. आलं की बोटानं वर सरकवतो."

थांबा, इथे एक क्षण. माझ्या तक्त्यातले निम्मेअधिक प्रसंग तिच्या वाचनात नव्हतेच. मी जे मोजत होते ते स्क्रीनवर होतं, पण तिने वाचलेल्या गोष्टीत नव्हतं. छापील पुस्तकातही लोक पानं गाळतात, पण मोबाईलवर ते इतकं सहज होतं की गाळलेलंही लक्षात राहत नाही.

मग मी विचारलं, तो आवडतो कशामुळे? ती म्हणाली, "त्याला घाई न्हाई बघ. तीनशे वरसं जगलाय. ती बोलत असती, त्यो ऐकत असतो. आमच्यात कोण ऐकतंय?"

अमर असण्याकडे मी सत्ता म्हणून पाहत होते. तिच्यासाठी अमर माणूस म्हणजे ज्याच्याकडे वेळ आहे असा माणूस. हे मला दहा मालिका वाचूनही सुचलं नसतं.

जाता जाता: आत्ती 'सरकवतो' म्हणाली, 'सरकवते' नाही. कोल्हापूर भागात बायका स्वतःबद्दल असंच बोलतात हे आपल्याला माहीत आहे, पण मुलाखत उतरवून काढताना माझ्या हाताने ते आपोआप 'सरकवते' केलं होतं. उतरवताना बोली दुरुस्त करू नका. पुण्याच्या परीक्षकाला ती चूक वाटली तर तळटीप द्या.

पण आत्तीचं उत्तर मिळालं म्हणजे सत्य मिळालं, असंही नाही. ती भाचीशी बोलत होती. प्रेमप्रसंगांबद्दल ती एक शब्द बोलली नाही, आणि ते ती सरकवत असेल असं मला वाटत नाही. 'का आवडतं?' असा प्रश्न केला की माणूस शोभेल असं उत्तर देतो. त्यापेक्षा काल रात्री किती वाजता वाचलं, कुठे बसून, कुठे थांबलात, मैत्रिणीला कुठला भाग पाठवाल, असं विचारा. घडलेल्या गोष्टी विचारल्या की कारणं आपोआप येतात. स्वतः रॅडवेनेही १९९१ च्या आवृत्तीला नवी प्रस्तावना जोडून आपल्या कामाची फेरतपासणी केली आहे. ती प्रस्तावना झेरॉक्स काढताना गाळू नका.

दुसरी चूक शब्दाची. मी 'पाश्चात्त्य व्हॅम्पायरची मराठी नक्कल' असं बिनधास्त लिहिलं होतं. पाश्चात्त्य म्हणजे कुठला? पॉलिडोरीची 'द व्हॅम्पायर' १८१९ ची, ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' १८९७ चा. तिथे तो भीतीचा विषय आहे. अॅन राइसने १९७६ मध्ये त्यालाच आपली कहाणी सांगायला लावली. २००५ मध्ये 'ट्वायलाइट' आली तोवर तो थेट हायस्कूलमधल्या मुलीचा प्रियकर झाला होता. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली, तिच्यात रक्त पिणारे घाबरायचेच आहेत. म्हणजे धारप वाचलेली आत्ती आणि आजच्या मालिका वाचणारी आत्ती एकाच प्राण्याबद्दल वाचत नाही.

उलट दिशेची गोष्ट याहून मजेशीर आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाला नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. आता आपला वेताळ आठवा. झाडाला लटकतो, प्रेतात शिरतो, राजाच्या पाठीवर बसून कोडी घालतो. रक्त पिणं हा त्याचा धंदा नाही. गोव्यात बेताळाची मंदिरं आहेत, तो गावाची राखण करतो. कोल्हापुरात शिवाजी पेठेत वेताळमाळ तालीम आहे. त्या तालमीतल्या पोरांना 'तुमच्या व्हॅम्पायरबद्दल सांगा' म्हणून विचारून बघा! तेव्हा प्रश्नावलीत 'व्हॅम्पायर', 'भूत', 'राक्षस' असे पर्याय देऊन खुणा करायला सांगू नका. वाचणारी त्याला काय म्हणते ते आधी ऐका. आत्ती त्याला नुसतं 'त्यो' म्हणते.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

मुलाखतीनंतर मी इतकी खूश होते की घरातल्या एका कार्यक्रमात, पंगत बसलेली असताना, सगळ्यांसमोर सांगून टाकलं: आत्ती रात्री व्हॅम्पायरची लव्ह स्टोरी वाचते. कौतुकानेच सांगितलं. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "या वयात?" काकांनी फोन मागून घेतला, बघू म्हणून. आत्तीही हसली. पुढच्या आठवड्यात गेले तर फोनमध्ये ते अॅप नव्हतं.

सगळे झोपल्यावर, आवाज न करता, कुणाला न सांगता वाचायची ती तिची जागा होती. त्या जागेबद्दल मी रॅडवेचं पुस्तक वाचून टिपणं काढली होती, आणि तीच जागा मी अर्ध्या मिनिटात मोडली. संमतीपत्र हा सिनॉप्सिसला जोडायचा कागद आहे असं समजत होते. संमती तिने मला वाचनाबद्दल सांगायची दिली होती. पंगतीत सांगायची नाही. रॅडवेने ज्या गावाला 'स्मिथटन' म्हटलं ते तिचं खरं नाव नाही, दुकानातल्या बाईचं नावही खरं नाही. ही अमेरिकन औपचारिकता आहे असं मला वाटलं होतं. आपल्याकडे तर नाव बदलूनही भागत नाही, कारण गल्लीत 'ती वाचणारी' म्हटलं तरी माणूस ओळखू येतो. नातं, वय, काम, सगळंच हलवावं लागतं. या लेखातही हलवलंय. 'आत्ती' ही माझी आत्तीच असेल असं धरू नका, आणि पंगतीतले काका तुमच्या ओळखीतले कुणी आहेत असंही समजू नका. हा मजकूर टाकण्याआधी तिला वाचून दाखवला. दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती इथे नाहीत.

माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये गृहीतक नाही, प्रश्न आहे: या मालिका वाचक कधी, कुठे, कुणापासून लपवून वाचतात आणि त्यातलं काय गाळतात? सरांनी 'कुणापासून लपवून' याखाली रेघ मारून ठेवलीय. मुलाखती घरी घ्यायच्या नाहीत, एवढं ठरलंय. कुठे घ्यायच्या ते अजून ठरत नाहीय. वाचनालयात बायका दहा मिनिटांच्या वर थांबत नाहीत, आणि घराबाहेर तासभर बसून बोलायला त्यांना आणखी एक कारण सांगावं लागतं.

आत्तीने अॅप परत घेतलेलं नाही. परवा चहा ओतता ओतता हळूच म्हणाली, "त्या पोरीचा शाप सुटला का गं? तू वाचतीस न्हवं अजून? पुढचं तेवढं सांग मला." मी अजून त्या भागापर्यंत पोचले नाही. रोज एसटीत थोडं थोडं वाचतेय, काही न सरकवता.